सुप्याची कौले, रामनगरचे घर आणि अमेरिकेतला डंपस्टर



यंदाच्या उन्हाळ्यात रामनगरच्या आमच्या घराचे छप्पर उतरवले. कौले गेली, पत्रे आले. बातमी म्हणून एवढीच. पण त्या कौलांतली निम्म्याहून जास्त कौले जुन्या सुप्याहून आलेली होती, आणि उतरवल्यावर त्यांचे करायचे काय, यावरून घरात आठ दिवस जे काही चालले त्यात मला बऱ्याच जुन्या गोष्टी आठवल्या. काही नव्याने वाचून काढाव्या लागल्या. पुढे नातवंडांनी विचारले तर सांगायला आपण असू नसू, म्हणून लिहून ठेवतो. लांब झाले आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. आज ज्याला जोयडा तालुका म्हणतात तो आमच्या लहानपणी सुपा तालुका. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा गाव होते. कारवार जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात, आणि 1973 साली राज्याचेच नाव कर्नाटक झाले. म्हणजे माझे वडील जागचे न हलता एका राज्यातून दुसऱ्यात गेले आणि त्याचे नाव बदललेलेही त्यांनी पाहिले. घरात मराठी, शेजारी कोकणी, कचेरीत कानडी. तीन भाषांत भांडता येणारी माणसे आमच्याकडे काही कमी नव्हती.

1974 मध्ये गणेशगुडीला काळी नदीवर धरणाचे काम सुरू झाले आणि 1987 मध्ये ते पुरे झाले. उंची 101 मीटर, पाणीसाठा सुमारे 147 टीएमसी. महाराष्ट्रातल्या मंडळींना अंदाज यावा म्हणून सांगतो, कोयनेचा साठा 105 टीएमसी आहे. कोयनेचे नाव सगळ्यांना माहीत, सुप्याचे कुणाला नाही. सुपा गाव त्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले आणि आमच्यासारखी कित्येक कुटुंबे रामनगरला आली.

मी त्या वेळी नोकरीनिमित्त बाहेर होतो, रजा काढून आलो होतो. वडील “घर मोडायचे” असे कधी म्हणाले नाहीत. “घर उतरवायचे” म्हणायचे. घर बांधताना जे शेवटी चढते ते उतरवताना आधी येते. आधी आढ्यावरचे कोने, मग वरच्या ओळीपासून कौले, मग रिपा, मग वासे, मग आढे आणि तुळया, आणि अगदी शेवटी दारे-चौकटी. माणसांची साखळी करून कौले हातोहात खाली दिली जात. वडील खाली उभे राहून प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघत. खणखणीत वाजले तर या ढिगात, बद्द वाजले तर त्या ढिगात. ट्रकमध्ये खाली भाताचा पेंढा अंथरला आणि कौले आडवी न ठेवता उभी लावली, कारण आडव्या थराचे खालचे कौल वरच्या वजनाने फुटते. हे सगळे त्यांना कुणी शिकवले मला माहीत नाही. भिंती मात्र मातीच्या होत्या. त्या तिथेच राहिल्या.

आता कौलांविषयी.

आमच्या बाजूला मूळची घरे गवताने किंवा भाताच्या पेंढ्याने शाकारलेली, आणि ज्यांची परिस्थिती बरी त्यांच्याकडे कुंभाराची नळीची कौले. दरवर्षी पावसाआधी घर शाकारणे हे एक मोठे काम असे. मंगळुरी कौल आले ते नंतर. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने 1865 साली मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. त्यामागे प्लेब्स्ट नावाचा जर्मन मिशनरी होता. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती, जंगलातले जळण आणि माल न्यायला समुद्र, तिन्ही गोष्टी तिथे हाताशी होत्या. धर्म बदलल्यामुळे ज्यांचा गावातला पारंपरिक धंदा सुटला त्यांना काम देणे हा मिशनचा एक हेतू होता. पण कौल चालले ते त्या हेतूमुळे नाही, खाचांमुळे. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, त्यामुळे वाऱ्याने सरकत नाही आणि कमी कौलांत जास्त छप्पर झाकते. ही खाचेची कल्पना मूळची फ्रान्समधल्या आल्टकिर्श गावच्या जिलार्दोनी बंधूंची, 1841 ची. हे आल्टकिर्श बासेल शहरापासून फार लांब नाही. तिथली युक्ती मंगळूरला आली आणि मंगळूरहून आमच्या सुप्याला.

मिशनच्या कौलांच्या पाठीवर इंग्रजीत कारखान्याचे नाव आणि 1865 हा आकडा उठवलेला असे. त्यावरून आमच्या लहानपणी मुलांच्या पैजा लागायच्या की आमचे घर शंभर वर्षांपूर्वीचे आहे. तो आकडा कारखाना सुरू झाल्याचा, कौल भाजल्याचा नव्हे. आजही कितीतरी लोक तो आकडा दाखवून घराचे वय सांगतात. आमचे सुप्याचे घर आजोबांच्या काळातले, एवढेच खात्रीने सांगता येते. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांच्या हातून कारखाने गेले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आले, हे नंतर वाचनात आले. तोपर्यंत मंगळूर परिसरात इतरांचेही पुष्कळ कारखाने झाले होते.

आमच्या घरावर ती मिशनची थोडी कौले आणि बाकी निरनिराळ्या कारखान्यांची होती. रामनगरला आल्यावर जी कमी पडली ती खानापूरहून आणली. खानापूरची लाल माती आणि तिथली कौले-विटा आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहेत. वडिलांनी समोरच्या पाख्यावर, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला, सुप्याची कौले लावली आणि मागच्या पाख्यावर खानापूरची. दोन्हींचे माप थोडे वेगळे असल्याने एकाच पाख्यावर मिसळता येत नाहीत, खाच बसत नाही. दादा म्हणायचे, “बाबांनी सुपा पुढे ठेवला आणि रामनगर मागे.”

मग उतरवली कशाला, असे कुणीही विचारील. मीही विचारले. पुतण्याने उत्तर दिले ते पुढीलप्रमाणे. एक, माकडे. पूर्वी माकडे जंगलात असत, आता कळप छपरावरून जातात आणि एका फेरीत वीस-पंचवीस कौले सरकतात किंवा फुटतात. दोन, छपरावर चढणारी माणसे राहिली नाहीत. कौलांवर पाय कुठे द्यायचा हे कळणारा आमच्या वाडीतला शेवटचा माणूस आता सत्तरीचा आहे. तीन, वाळवी. मत्तीचे वासे चांगले होते, पण रिपा गेल्या होत्या. आणि आमच्याकडचा पाऊस काय असतो ते ज्याने जुलैमध्ये कॅसलरॉक पाहिले आहे त्याला सांगायला नको. गेल्या पावसात वहिनींच्या खोलीत तीन बादल्या मांडल्या होत्या. पुतण्याचे म्हणणे मला पटले. बँकेत असताना घरकर्जाच्या कागदावर “कौलारू” असा शेरा दिसला की आम्हीही तारणाची किंमत कमी धरत असू, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हते.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की समजावे, पटलेले नाही.

याच सुमारास माझ्या मुलीचा न्यू जर्सीहून फोन आला. योगायोग असा की तिच्याही घराचे छप्पर त्याच महिन्यात बदलले. ती म्हणाली, “बाबा, डंपस्टर भाड्याने घ्या ना, सोपं पडतं.” वहिनींनी ते “डंपर” असे ऐकले आणि त्यांना वाटले, डंपर भरून कौले कुठेतरी ओतणार. घरात जे वादळ झाले ते याच्यावरून.

डंपस्टर मी तिच्याकडे गेलो असताना शेजारच्या घरी पाहिला आहे. लोखंडाची मोठी उघडी पेटी. ट्रक येतो, पेटी घरासमोरच्या फरशीवर उतरवतो आणि निघून जातो. फरशीला चरे पडू नयेत म्हणून पेटीखाली लाकडी फळ्या घालतात. छपरावरचे कामगार डांबरी खापऱ्या, त्यांच्या भाषेत शिंगल्स, खोऱ्याने खरवडून वरून थेट पेटीत टाकतात. सकाळी सुरू केलेले छप्पर संध्याकाळपर्यंत उघडे होऊन पुन्हा झाकलेले असते. मग ट्रक येऊन पेटी घेऊन जातो. भाडे पेटीच्या आकाराप्रमाणे आणि ठरलेल्या दिवसांचे. वजन मर्यादेच्या वर गेले तर टनाप्रमाणे जादा. रंगाचे डबे, टायर, बॅटऱ्या टाकायच्या नाहीत, टाकल्या तर दंड. पेट्या 10, 20, 30, 40 घनयार्डांच्या मिळतात. छपरासाठी लहानच घेतात, कारण खापऱ्या जड असतात आणि मोठी पेटी काठोकाठ भरली तर ट्रकला उचलता येणार नाही.

मला हिशेबाची जुनी खोड. 20 घनयार्ड म्हणजे 540 घनफूट, म्हणजे आपले पाच ब्रास आणि थोडे वर. गंमत म्हणजे छपराचे क्षेत्र तेही आपल्यासारखेच शंभर चौरस फुटांत मोजतात. आपण त्याला ब्रास म्हणतो, ते स्क्वेअर म्हणतात.

तो शब्द आला कुठून तेही शोधले. टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल नावाचे शहर आहे. तिथल्या जॉर्ज डेम्प्स्टर आणि त्याच्या भावांची बांधकामाची कंपनी होती. हा जॉर्ज तरुणपणी पनामा कालव्यावर वाफेचे खोदयंत्र चालवून आलेला. ट्रक भरेपर्यंत ट्रक आणि चालक दोघेही रिकामे उभे राहतात, हा खर्च त्याला खुपला. म्हणून 1930 च्या दशकात त्याने अशी पेटी काढली की पेटी जागेवर राहील, माणसे ती भरतील आणि ट्रक येऊन यंत्राने उचलून नेईल. डंप आणि डेम्प्स्टर जोडून डंपस्टर. पुढे हा माणूस नॉक्सव्हिलचा महापौरही झाला. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणू लागलो, तसे त्याचे आडनाव कचऱ्याच्या पेटीला चिकटले.

पण मला खरे थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. ज्या नॉक्सव्हिलमध्ये ही पेटी जन्मली, तिथेच 1933 साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीची कचेरी. आपल्या दामोदर खोऱ्याची योजना जिच्यावरून बेतली ती हीच. तिचे पहिले मोठे धरण नॉरिस, नॉक्सव्हिलच्या उत्तरेला जवळच, 1936 मध्ये पुरे झाले आणि त्याच्या पाण्याखाली लॉयस्टन नावाचे गाव गेले. शाळा, दुकाने, देवळे सगळे. म्हणजे ज्या दशकात तिथल्या एकाने छपराची मोडतोड उचलून न्यायची पेटी काढली, त्याच दशकात तिथून जवळच एक गाव आपली घरे उतरवत होते. हे मी वहिनींना सांगितले. त्यांनी विचारले, “त्यांनी कौले नेली काय बरोबर?” मला उत्तर माहीत नव्हते.

असो. रामनगरला डंपस्टर नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली आहे.

मोजणी अशी झाली. दोन्ही पाखे, पडवी धरून, साधारण अठराशे चौरस फूट. शंभर चौरस फुटाला दीडशे कौले धरली तर सत्ताविसशे. कोरडे कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे डोक्यावर पावणेसात टन वजन. इतकी वर्षे आम्ही त्याच्याखाली झोपलो. उतरवून, वाजवून बघितली (या वेळी वाजवायला मी बसलो, बोटे सुजली), तेव्हा अकराशे धड निघाली. सोळाशे फुटकी, चिरलेली किंवा शेवाळाने पोखरलेली. म्हणजे चार टन, दोन ट्रॉल्या.

ट्रॅक्टरवाला भला माणूस. पहिली ट्रॉली भरल्यावर मी विचारले, “कुठे नेणार?” तो म्हणाला, “नाल्यात टाकतो सर, सगळे तिथेच टाकतात. एका पावसात दिसायचे पण नाही.”

आता आमच्या भागातला ओहोळ या ना त्या वाटेने काळीलाच जातो. आणि काळीत गेलेले सुप्याच्या जलाशयात. ट्रॉलीत वरच सुप्याची पंधरा-वीस कौले दिसत होती. बाबांनी पेंढ्यात गुंडाळून ज्या पाण्यातून बाहेर काढली, त्याच पाण्यात ती आम्ही पुन्हा पाठवणार होतो, आणि वर ट्रॉलीचे भाडे देऊन. पुतण्याच्याही ते लक्षात आले असावे. तो काही न बोलता ट्रॉलीचा फाळका लावून आला.

भावनेचे सोडले तरी ते बेकायदाच होते. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी 2016 मध्ये केंद्राने नियम केले. दिवसाला 20 टन किंवा महिन्याला एका कामाचे 300 टन याच्यावर कचरा करणारे मोठे लोक, त्यांना त्या नियमांत वेगळी कलमे होती. पण आमच्यासारख्या चार टनवाल्यालाही तो रस्त्यावर, गटारात किंवा नाल्यात टाकता येत नाही. स्वतःच्या आवारात ठेवायचा किंवा स्थानिक संस्था सांगेल तिथे द्यायचा. आणि आमचा तालुका म्हणजे दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या व्याघ्र प्रकल्पाचा. 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 मध्ये त्याला काळीचेच नाव दिले. रानात राडारोडा टाकला तर वनखाते विचारणारच, आणि विचारावेच. शहरात हे नियम पाळायला निदान डेपो असतात. खेड्यात नियम येतो, डेपो येत नाही. माझी खरी तक्रार ती आहे.

शेवटी ट्रॉली आमच्याच आवारात रिकामी झाली. फाटकापासून पडवीपर्यंतचा रस्ता दर पावसात चिखल व्हायचा. तिथे हातभर खोदून फुटकी कौले घणाने बारीक करून घातली, वर मुरूम टाकून दाबला. दुसरी ट्रॉली नव्या गोठ्याच्या पायात गेली. पूर्वीचे गवंडी कौले-विटा कुटून त्याची सुरखी चुन्यात घालत, तेव्हा हे काही नवे शहाणपण नाही. विसरलेले आहे एवढेच. दोन दिवसांची मजुरी जादा लागली. पुतण्याने कुरकुर केली, पण पहिला वळीव पडल्यावर स्वतःच फाटकापर्यंत चपला घालून जाऊन आला.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. जुन्या गोठ्यावर सिमेंटचे पत्रे होते, आपण ज्यांना नुसते सिमेंट पत्रे म्हणतो ते. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. फुटला की त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात, रोग दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. युरोपीय संघात तो 2005 पासून बंद आहे. आपल्याकडे हे पत्रे आजही बनतात आणि विकले जातात. कामगाराने सवयीप्रमाणे हातोडा उचलला, तो मी थांबवला. पत्रे पाणी मारून ओले केले, बोल्ट कापून अख्खेच्या अख्खे खाली घेतले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुंपणाजवळ ठेवले. अजून तिथेच आहेत. कुणाला द्यायचे ते तीन ठिकाणी विचारले, तिन्ही ठिकाणी “फोडून पुरा” असे सांगितले. आपल्यापैकी कुणाच्या घरी असे पत्रे काढायचे असतील तर कृपा करून फोडू नका, करवतीने कापू नका, आणि मुलांना त्या दिवशी लांब ठेवा.

धड अकराशेंपैकी खानापूरची सातशे एका शेजाऱ्याने त्याच्या गोठ्यासाठी नेली. राहिली सुप्याची चारशे. गणेशगुडीकडे एक गृहस्थ पर्यटकांसाठी झोपड्या बांधतात, ते येऊन बघून गेले. त्यांना शिक्क्याची कौले हवी होती, भिंतीवर लावायला. भाव चांगला दिला होता, नव्या कौलापेक्षा जास्त. आमच्या वहीत ज्या वस्तूचा घसारा पूर्ण होऊन किंमत शून्य झाली असती तिला गिऱ्हाईक उभे होते. पुतण्या माझ्याकडे बघतो, मी वहिनींकडे.

वहिनी म्हणाल्या, “भावजी, शिक्क्याची किती आहेत?”

मोजली होती. त्रेसष्ट.

“मग बाकीची द्या त्यांना. त्रेसष्ट देवघरावर बसतात.”

मी मोजून पाहिले, खरेच बसतात. मुख्य घरावर पत्रे आले तरी मागे देवघराचे बुटके छप्पर वेगळे आहे, जेमतेम चाळीस चौरस फुटांचे. आठ दिवस वहिनी गप्प होत्या त्या हा हिशेब करत होत्या, आणि आम्ही दोघे पदवीधर ट्रॉल्या मोजत होतो. बिनशिक्क्याच्या कौलांना त्या गृहस्थांनी भाव कमी केला, तो घेतला. वाडीतल्या त्या सत्तरीच्या माणसालाच बोलावले. तो चढला नाही, खालून सांगत होता आणि पुतण्या लावत होता. आकडा आतल्या बाजूला येतो, त्यामुळे देवासमोर बसून वर पाहिले की 1865 दिसते. माझ्या नातवाने फोनवर ते पाहून विचारले, “आजोबा, देवघर इतकं जुनं आहे?”

जुन्या सुप्यातल्या घरांचे, बाजाराचे किंवा घरे उतरवतानाचे फोटो कुणाकडे असतील तर कृपया इथे टाका. आमच्या घराचा एकही नाही. आणि ते सिमेंटचे पत्रे रीतसर घेणारी जागा बेळगाव, धारवाड किंवा कारवारकडे कुणाला माहीत असेल तर तेही नक्की कळवा.